विद्येचें देशांतर

राजाचा मान त्याच्या राज्यापुरता, पंडिताचा मात्र साऱ्या जगांत, अशा अर्थाचें एक सुभाषित आपण सर्वांनीं शाळेंत पाठ केलेलें असतें. तें रचणाऱ्या कवीवर परदेशांत नोकरीचा अर्ज करण्याचा प्रसंग आला नसावा. पंडितानें सीमा ओलांडली कीं त्याची विद्या त्याच्याबरोबर जाते हें खरें. पण विद्येचें प्रमाणपत्र मात्र नाक्यावरच अडकून पडतें. पुण्याच्या डॉक्टराला लंडनमध्यें रोग्याच्या नाडीला हात लावण्यापूर्वीं तेथील मंडळाची खात्री पटवावी लागते. नागपूरच्या वकिलाची सनद न्यूयॉर्कच्या कोर्टांत चालत नाहीं. यांत कोणी विशेष आश्चर्य मानीत नाहीं. रोगी त्या देशाचा, कायदा त्या देशाचा, तेव्हां परीक्षाही त्या देशाची असावी हें मनाला पटतें.

वैमानिकाची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. त्याचा धंदाच मुळीं सीमा ओलांडण्याचा. मुंबईहून विमान घेऊन तो लंडनला निघाला, तर वाटेंत कित्येक देशांच्या डोक्यावरून जातो, आणि खालचा एकही देश त्याला 'तुझा परवाना आमच्या सहीचा आहे काय' म्हणून हटकीत नाहीं. परंतु तोच माणूस त्यांपैकीं एखाद्या देशांत उतरून 'मी आतां येथेंच विमान चालवितों, किंवा येथल्या मुलांना चालवावयास शिकवितों' असें म्हणूं लागला, तर त्याला नव्यानें विद्यार्थी व्हावें लागतें. आकाशांत ज्याला कोणी अडवीत नाहीं त्याला जमिनीवर प्रत्येक जण अडवितो. हें कोडें आम्ही गेलीं दोनतीन वर्षें अगदीं जवळून पाहत आहों. आणि मध्यम स्थितींतल्या मराठी घरांतून या विद्येकडे वळणारीं मुलें व मुली आतां जागोजाग भेटूं लागलीं असल्यामुळें त्याविषयीं चार शब्द लिहिणें अस्थानीं होणार नाहीं असें वाटतें.

या कोड्याची उकल पाहावयाची तर १९४४ सालाकडे गेलें पाहिजे. दुसरें महायुद्ध अजून संपलें नव्हतें. तरीही त्या वर्षीं नोव्हेंबरांत पन्नासांहून अधिक राष्ट्रांचे प्रतिनिधि शिकागो शहरीं जमले, आणि ७ डिसेंबर रोजीं नागरी विमानवाहतुकीच्या करारावर सह्या झाल्या. हिंदुस्थानचे प्रतिनिधिही त्यांत होते. त्या कराराचें बत्तिसावें कलम असें सांगतें कीं, आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या विमानाची नोंद ज्या देशांत झाली असेल, त्या देशानें दिलेला किंवा त्या देशानें ग्राह्य ठरविलेला परवाना वैमानिकापाशीं असला पाहिजे. पुढचें तेहतिसावें कलम म्हणतें कीं, असा परवाना ठरलेल्या किमान पात्रतेस उतरत असेल तर इतर राष्ट्रांनीं तो मान्य करावा. या दोन कलमांत आमच्या कोड्याचें मर्म आहे. विमानालाही माणसासारखें राष्ट्रीयत्व असतें, आणि तें त्याच्या अंगावर अक्षरांनीं रंगविलेलें असतें. 'व्हीटी' हीं अक्षरें असलीं तर तें भारताचें, 'एन' असलें तर अमेरिकेचें, 'जी' असलें तर ब्रिटनचें. वैमानिक आपल्या देशाचें विमान घेऊन कोठेंही गेला तरी त्याचा परवाना चालतो, कारण तो विमानाच्या घरचा आहे. त्यानें विमान बदललें, दुसऱ्या घरचें घेतलें, कीं त्या घरची संमति लागते.

ही संमति मिळण्याच्या रीति सामान्यतः दोन. एक म्हणजे मूळ परवान्याला जोडून दिलेली तात्पुरती मान्यता. ती ठराविक मुदतीची आणि ठराविक कामापुरती असते. आपल्याकडे परदेशी वैमानिकांना अशी तात्पुरती परवानगी देऊन येथील कंपन्यांनीं कामावर घेतल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. दुसरी रीति रूपांतराची. म्हणजे जुन्या परवान्याच्या आधारानें, कमीअधिक परीक्षा देऊन, त्या देशाचा स्वतंत्र परवाना मिळविणें. कायम राहून पोट भरावयाचें असेल तर ही दुसरी वाट धरण्यावांचून गत्यंतर नसतें.

फार पूर्वीं हा व्यवहार इतका किचकट नव्हता. १९२९ च्या फेब्रुवारींत जे. आर. डी. टाटा यांना हिंदुस्थानांतला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला, तो एका एरो क्लबानें आंतरराष्ट्रीय वैमानिक संघाच्या वतीनें दिलेला होता. उडणारे थोडे, एकमेकांस ओळखणारे, आणि बरोबर फार तर टपालाच्या थैल्या; तेव्हां क्लबाचा शब्द पुरेसा होता. आतां एकेका विमानांत तीनतीनशें माणसें बसतात. क्लबाच्या शब्दाच्या जागीं राष्ट्राचा शब्द आला, आणि राष्ट्रें क्लबांइतकीं एकमेकांस ओळखत नाहींत.

आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा २०२१ सालीं उड्डाणविद्या शिकण्यासाठीं अमेरिकेंत, अॅरिझोना संस्थानांत गेला. त्याच्या वडिलांनीं राहतें घर बँकेकडे गहाण ठेवून कर्ज काढलें होतें, हें येथें सांगितलें पाहिजे. कारण या विषयांत ज्याला आपण 'नियम' म्हणतों त्याचें एक टोंक नेहमीं कोणाच्या तरी घराच्या उंबरठ्याला बांधलेलें असतें. २००१ च्या सप्टेंबरांतल्या हल्ल्यानंतर तेथें परदेशी विद्यार्थ्याची सुरक्षेच्या दृष्टीनें चौकशी झाल्यावांचून त्याला विमान शिकवीत नाहींत. ती झाली, मग खासगी परवाना, उपकरणांवर उडण्याची पात्रता, आणि नेहमींच्या वाटेनें २५० तास भरल्यावर व्यावसायिक परवाना, अशा पायऱ्या चढून तो शेवटीं उड्डाणशिक्षक झाला.

ही शिक्षकाची पायरी वाचकांना वाटते तितकी दुय्यम नाहीं. तेथें त्यासाठीं दोन लेखी परीक्षा असतात. एक विमानविद्येची आणि दुसरी निव्वळ अध्यापनशास्त्राची. मनुष्य शिकतो कसा, विसरतो कां, भीतीनें गांगरलेल्या विद्यार्थ्याशीं कसें बोलावें, हे तिचे विषय. त्यानंतरची तोंडी परीक्षा कित्येक तास चालते. उमेदवारानें उजव्या आसनावर बसून, म्हणजे एरवीं ज्या हातांनीं जें करावयाचें तें उलट हातांनीं करीत, विमान उडवावयाचें आणि त्याच वेळीं आपण काय करतों आहों हें बोलून दाखवावयाचें. शिवाय विमान मुद्दाम गिरकींत घालून त्यांतून बाहेर काढतां आलें पाहिजे, आणि तें दुसऱ्यास शिकवितां आलें पाहिजे.

या गिरकीला एक इतिहास आहे. पहिल्या महायुद्धाच्या आरंभीं उड्डाणशिक्षण म्हणजे बहुतांशीं दैवाधीन गोष्ट होती. विमान गिरकींत सांपडलें तर काय करावें हें शिकविण्यापेक्षां त्या वाटेस जाऊंच नये असें सांगत. १९१७ सालीं इंग्लंडांत गॉसपोर्ट येथें रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्यानें ही रीत उलटी केली. विद्यार्थ्याला संकटापासून दूर ठेवावयाचें नाहीं. शिक्षकानें बरोबर बसून त्याला संकटांत न्यावयाचें, त्याचें कारण समजावून द्यावयाचें, आणि त्यांतून त्याला स्वतःच्या हातानें बाहेर काढावयाचें. इंजिनाच्या आवाजांत बोलणें ऐकूं यावें म्हणून शिक्षकाच्या तोंडापासून विद्यार्थ्याच्या कानापर्यंत एक नळी लावलेली असे. तिला पुढें गॉसपोर्टचेंच नांव मिळालें. आज जगांतल्या कोणत्याही देशांत उड्डाणशिक्षक जें करतो त्याचें मूळ या नळींत आहे. आणि तरीही, गंमत अशी कीं, उड्डाणाच्या सर्व पात्रतांत शिक्षकाची पात्रता हीच देशांतर करतांना सर्वांत जास्त अडखळते. त्याचें कारण पुढें पाहूं.

भाच्यानें वर्ष-दीड वर्ष तेथें शिकविलें. त्याचे तास ११०० च्या वर गेले. शिक्षणोत्तर कामाची मुदत संपल्यावर २०२४ सालीं तो परत आला. येथें एक गोष्ट पुष्कळ पालकांच्या ध्यानांत येत नाहीं ती सांगून टाकतों. विमान चालविण्याचा परवाना आणि पगार घेण्याचा परवाना या दोन निराळ्या वस्तु आहेत. पहिला विमानवाहतूक खातें देतें, दुसरा परराष्ट्रीयांचें खातें देतें. आणि पहिला कितीही उत्तम असला तरी दुसऱ्याची मुदत त्यामुळें एका दिवसानेंही वाढत नाहीं.

परत आल्यावर त्याचा अमेरिकन परवाना भारतीय व्हावा यासाठींची खटपट सुरू झाली. आपल्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाला व्यावसायिक परवान्यासाठीं किमान २०० तास लागतात, त्यांपैकीं १०० तास स्वतः प्रमुख वैमानिक म्हणून. ते त्याचे केव्हांच झाले होते. पण वायुनियमांची परीक्षा येथली द्यावयाची. वैद्यकीय तपासणी पहिल्या वर्गाची, तीही येथल्या नियमांनीं. रेडिओवर बोलण्याची परीक्षा निराळी. ही शेवटची परीक्षा पुष्कळ वर्षें दूरसंचार खात्याकडे होती, आणि २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमानें ती विमानवाहतुकीच्या खात्याकडे आणली. खेरीज उड्डाणाचा अनुभव ताजा असावा लागतो. तेव्हां परीक्षांच्या तारखांची वाट पाहण्यांत जो काळ गेला त्यानें हा ताजेपणा शिळा होऊं लागला, आणि तो टिकविण्यासाठीं पुन्हां पैसे मोजून विमान भाड्यानें घ्यावें लागलें.

सर्वांत हास्यास्पद अडचण त्याच्या वडिलांच्या नांवाची झाली. आपली मराठी रीत अशी कीं, मुलाचें नांव, मग वडिलांचें, मग आडनांव. पासपोर्टावर तिन्ही होतीं. परदेशी परवान्यावर मधलें गळालें होतें. मूळ परवाना खरा आहे अशी खात्री परदेशांतून पत्रानें व्हावयाची; एका कार्यालयांत तें पत्र 'हा मनुष्य तोच कीं दुसरा' या शंकेवर चार महिने पडून राहिलें. आमच्या बहिणीनें तेव्हां उद्गार काढले ते येथें देण्याजोगे आहेत. ती म्हणाली, "बापानें घर गहाण टाकलें तें कोणाला खटकलें नाहीं, बापाचें नांव मध्यें आलें तें मात्र खटकलें!"

दुसरी कुरबूर तासांची. वैमानिकाचें लॉगबुक म्हणजे व्यापाऱ्याच्या रोजकीर्दीसारखें. प्रत्येक उड्डाणाची नोंद, आणि रकान्यांच्या शेवटीं बेरीज. पण खातेवहीचे संकेत देशोदेशीं निराळे. अमेरिकेंत एक वैमानिक डोळ्यांपुढें आडोसा लावून केवळ उपकरणांवर उडण्याचा सराव करीत असतां दुसरा शेजारीं बसून बाहेर लक्ष ठेवतो. आणि कांहीं अटींवर दोघांनाही तो तास प्रमुख वैमानिकाचा म्हणून लिहितां येतो. इतर पुष्कळ देशांना हा हिशेब मान्य नाहीं. एका विमानांत एका वेळीं प्रमुख एकच, असें ते म्हणतात. त्यामुळें तिकडे जमा धरलेले तास इकडे खोडले जातात. लबाडी कोणाचीच नसते. फक्त जमाखर्चाची पद्धति भिन्न.

या दिवसांत एका रात्रीं तो आम्हांस म्हणाला, "मामा, ज्यांना मीं शिकविलें ते आज आपापल्या देशांत प्रवासी घेऊन उडताहेत. आणि मी मात्र वायुनियमांचें पुस्तक घेऊन पुन्हां पहिल्या बाकावर बसलों आहें. विमान तेंच, वारा तोच, गुरुत्वाकर्षण तेंच. मग माझें काय बदललें? तुम्हीच सांगा."

प्रश्न रास्त होता, आणि सहानुभूतीचे चार शब्द बोलून तो टाळतां आला असता. पण ज्याला विचारलें आहे त्यानें उत्तर शोधावें, म्हणून आम्ही त्याच्याच पुस्तकांत डोकें घातलें. आणि वाचीत गेलों तसतसें आमचें मत असें बनलें कीं, विमान तेंच आणि गुरुत्वाकर्षण तेंच असलें तरी बाकीचें बरेंच कांहीं बदलतें.

एकच उदाहरण देतों. विमानाची उंची हवेच्या दाबावरून मोजतात. म्हणून खालच्या विमानतळावरचा दाब नियंत्रकाला विचारून उंचीमापकांत बसवावा लागतो. अमेरिकेंत हा दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात. प्रमाण आंकडा २९·९२. आपल्याकडे व जगांत बहुतेक ठिकाणीं तो हेक्टोपास्कलमध्यें सांगतात. प्रमाण आंकडा १०१३. आतां पावसाळ्यांत कमी दाबाच्या दिवशीं नियंत्रकानें 'नऊ नऊ दोन' असें सांगितलें, आणि अमेरिकेंत मुरलेल्या कानानें तें सवयीनें 'एकोणतीस ब्याण्णव' असें ऐकलें, तर काय होईल? २९·९२ म्हणजे १०१३. दाब प्रत्यक्षांत ९९२. एकवीस हेक्टोपास्कलचा फरक, म्हणजे सुमारें सहाशें फुटांचा. उंचीमापक दाखवील त्याहून विमान सहाशें फूट खालीं असेल. निरभ्र दिवशीं कांहीं बिघडणार नाहीं. पण ढगांत, डोंगराच्या बाजूनें उतरतांना, सहाशें फूट म्हणजे सर्वस्व. अॅरिझोनाच्या वाळवंटांत वर्षांतले बहुतेक दिवस आभाळ स्वच्छ असतें. कोंकणपट्टीवरचा आषाढ तेथें कोणी पाहिलेला नसतो. मग येथल्या हवामानाविषयीं व नियमांविषयीं दोन प्रश्न विचारले तर त्यांत मानहानि कसली?

आणि भाषेची गोष्ट याहून गंभीर आहे. १९९६ सालच्या १२ नोव्हेंबरला दिल्लीच्या पश्चिमेस चरखी दादरीच्या आकाशांत सौदी अरेबियाचें एक प्रवासी विमान आणि कझाकस्तानचें एक विमान समोरासमोर आदळलीं. दोन्ही मिळून ३४९ माणसें गेलीं, एकही वांचलें नाहीं. उतरणाऱ्या कझाक विमानाला १५००० फुटांवर राहण्याची आज्ञा होती. तें त्याच्याही खालीं आलें. चौकशींत जीं कारणें पुढें आलीं त्यांत त्या वैमानिकांचें तोकडें इंग्रजी हें एक होतें. त्या सर्वांपाशीं आपल्या देशाचे परवाने होते. यानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेनें भाषेच्या कसोट्या घालून दिल्या, आणि २००८ च्या मार्चपासून आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या वैमानिकाला इंग्रजींत सहांपैकीं निदान चौथी पायरी गांठणें आवश्यक झालें. परक्या देशानें घेतलेली परीक्षा हा केवळ कारकुनी छळ नाहीं. तिच्यापैकीं कांहीं प्रश्न माणसांच्या प्राणांनीं लिहिले गेले आहेत.

पण या सर्वांच्या तळाशीं जी खरी गोष्ट आहे ती विश्वासाची. परवाना म्हणजे एका राष्ट्रानें दुसऱ्या राष्ट्राला लिहिलेलें शिफारसपत्र. आणि अशा पत्राचें वजन लिहिणाऱ्याच्या अब्रूइतकेंच असतें. २०२० च्या जूनमध्यें पाकिस्तानच्या विमानवाहतूक मंत्र्यांनीं तेथील कायदेमंडळांत सांगितलें कीं, देशांतल्या ८६० वैमानिकांपैकीं २६२ जणांचे परवाने संशयास्पद आहेत. परिणाम काय झाला? १ जुलैपासून युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेनें तेथील राष्ट्रीय विमान कंपनीचें येणेंजाणें बंद केलें, आणि ती बंदी उठावयास २०२४ चा नोव्हेंबर उजाडला. इतर देशांत नोकरीस असलेल्या पाकिस्तानी वैमानिकांनाही घरीं बसविण्यांत आलें. त्यांत रात्र रात्र अभ्यास करून परीक्षा दिलेले किती तरी असतील. शेजाऱ्याच्या घराकडे बोट दाखवून आपण सुटत नाहीं; २०११ सालीं आपल्याकडेही खोट्या गुणपत्रिकांवर परवाने मिळविल्याचीं प्रकरणें उघडकीस आलीं होतीं. एक जण खोटी गुणपत्रिका जोडतो, आणि त्याचा भुर्दंड त्याच खात्याची सही घेऊन जगभर फिरणाऱ्या हजार प्रामाणिक माणसांना बसतो. भाच्याचें पत्र चार महिने पडून राहिलें त्याचें निमित्त वडिलांचें नांव होतें. कारण कदाचित् असल्या कोणाचा तरी जुना गुन्हा असेल.

अर्थात् विश्वास नेहमीं गुणावरच चालतो असेंही नाहीं. ब्रिटननें युरोपीय संघ सोडला आणि २०२० च्या ३१ डिसेंबरला संक्रमणाचा काळ संपला. त्या सायंकाळपर्यंत ब्रिटिश परवाना हा युरोपीय परवाना होता. दुसऱ्या सकाळीं तो युरोपच्या दृष्टीनें तिऱ्हाइताचा झाला. वैमानिकाचें ज्ञान त्या रात्रींत कमी झालें नव्हतें, हात कांपूं लागले नव्हते. ज्यांनीं वेळेवर आपला परवाना युरोपांतल्या एखाद्या देशाकडे वळवून घेतला ते तरले. ज्यांनीं घेतला नाहीं त्यांना त्याच युरोपांत त्याच कामासाठीं परक्यांच्या वाटेनें जाणें भाग पडलें. युरोपची ही वाट सोपी नाहीं. प्रवासी विमानाच्या वैमानिकासाठीं सिद्धांताचे तेरा विषय आहेत, आणि परदेशी परवाना असला तरी ते सामान्यतः सर्व द्यावे लागतात. म्हणजे ज्या परीक्षेचें समर्थन आम्ही वर केलें, ती कधीं सुरक्षिततेसाठीं असते आणि कधीं राजकारणाची सावली असते. दोहोंतला भेद विद्यार्थ्याला कळत नाहीं, कारण शुल्क दोहोंचें सारखेंच.

आतां शिक्षकाविषयीं. अमेरिकेंत परदेशी परवान्याच्या आधारानें खासगी वैमानिकाचें प्रमाणपत्र फारशा परीक्षांवांचून मिळतें. पण परदेशी शिक्षकाला शिक्षक म्हणून तशी सवलत नाहीं. त्यानें हजारों तास शिकविलें असलें, तरी आधीं तेथील व्यावसायिक परीक्षा आणि मग शिक्षकाच्या परीक्षा, असा क्रम पाळला पाहिजे; फक्त त्याचे उडालेले तास हिशेबांत धरतात. युरोपांत उड्डाणशिक्षकाच्या पूर्ण शिक्षणक्रमांत १२५ तास सिद्धांत आणि ३० तास उड्डाण आहे. शिवाय नवा शिक्षक पहिले १०० तास शिकवून होईपर्यंत, आणि २५ एकट्या उड्डाणांवर देखरेख करीपर्यंत, दुसऱ्या अनुभवी शिक्षकाच्या नजरेखालीं राहतो. आपल्याकडेही सहाय्यक शिक्षक आणि पूर्ण शिक्षक अशा दोन पायऱ्या आहेत. सर्वत्र सूत्र एकच: वैमानिकाला मान्यता देतांना राष्ट्र जरा डोळा झांकील, शिक्षकाला देतांना झांकणार नाहीं.

आमच्या मतें याचें कारण असें. वैमानिकाची चूक त्याच्या विमानापुरती. शिक्षकाची चूक त्याच्या विद्यार्थ्यांत उतरते, आणि ते शिक्षक झाले कीं त्यांच्या विद्यार्थ्यांत. गवयाच्या घराण्यांत जसा गुरूच्या आवाजांतला एखादा दोषही शिष्यपरंपरेनें चालत राहतो, तसेंच हें. शिवाय शिकविणें हें उडविण्यापेक्षां अधिक स्थानिक आहे. भाचा सांगत असे कीं, त्याचा एक विद्यार्थी 'कळलें का' असें विचारलें कीं न कळतांही मान डोलावी, कारण गुरूला 'नाहीं' म्हणणें त्याच्या देशांत उद्धटपणाचें. दुसरा प्रत्येक वाक्याला 'कां' म्हणून अडवी. पहिल्याला तो पुढें कधींच 'कळलें का' असें विचारीनासा झाला; 'आतां तूं मला शिकव' असें म्हणूं लागला. हें कौशल्य कोणत्या रकान्यांत लिहावयाचें? लॉगबुकांत त्याला जागा नाहीं, म्हणून रूपांतरांत त्याला भाव नाहीं. आमच्या भाच्याची खरी कमाई होती ती हीच, आणि तिचीच किंमत नाक्यावर शून्य झाली. ज्या अन्यायाविषयीं त्यानें तक्रार केली त्यापेक्षां हा अन्याय आम्हांस मोठा वाटतो.

त्या रात्रीं आम्ही त्याला इतकेंच म्हटलें, "अरे, तूं विद्यार्थ्यांना गिरकींत घालून बाहेर काढावयास शिकवीत होतास ना? आतां तुझी पाळी आहे. पहिल्या बाकावर बसल्यानें शिक्षकाचें कांहीं जात नाहीं; उलट त्या बाकावरून वर्ग कसा दिसतो हें त्याला पुन्हां आठवतें." तो हंसला, पण समाधान पावला असें नाहीं, आणि पावावा अशी अपेक्षाही नव्हती. २०२५ च्या अखेरीस त्याचा भारतीय परवाना हातीं आला. सध्यां तो येथें सहाय्यक शिक्षकाच्या पात्रतेची तयारी करतो आहे, आणि फावल्या वेळांत युरोपच्या तेरा विषयांचीं पुस्तकें चाळतो.

ज्या घरांत अशीच मसलत चालली असेल त्यांच्या उपयोगासाठीं या अनुभवांतून निघालेल्या गोष्टी थोडक्यांत सांगतों. कोठें शिकावयाचें हें ठरविण्याआधीं शेवटीं कोठें काम करावयाचें हें ठरवावें, कारण परवान्याचा देश हाच पुढें नशिबाचा देश होतो. जेथें काम करावयाचें तेथील पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी शुल्क भरण्यापूर्वीं करून घ्यावी. डोळ्यांतला रंगदोष लाखों रुपये खर्चल्यावर कळण्यापेक्षां आधीं कळलेला बरा. सर्व कागदांवर नांव एकाच रीतीनें, एकाच क्रमानें लिहिलेलें असावें. लॉगबुक दुसऱ्या देशाच्या डोळ्यांनीं पाहून भरावें. वादग्रस्त तास निराळ्या रकान्यांत ठेवावे. आणि कर्ज काढतांना शिक्षणाच्या खर्चाबरोबर रूपांतराचा खर्च व त्यांत जाणारें बिनपगारी वर्ष हेंही धरावें. संस्थांच्या माहितीपत्रकांत हें शेवटचें वर्ष सहसा छापलेलें नसतें.

राष्ट्रांकडे मागण्याजोगें फार थोडें आहे. कसोटी सैल करा असें आम्ही म्हणणार नाहीं. चरखी दादरी आठवून तें म्हणवत नाहीं. परंतु परीक्षांच्या तारखा आधीं ठरलेल्या असाव्या. खरेंखोटें पाहण्याचीं पत्रें उमेदवाराला मध्यें न घेतां एका खात्यानें दुसऱ्या खात्याला थेट पाठवावीं आणि त्यांना उत्तराची मुदत असावी. आणि शिक्षकाच्या बाबतींत त्यानें किती तास शिकविलें याबरोबर कसें शिकविलें हें पाहण्याची कांहीं तरी सोय असावी. शिकागोच्या करारांत आतां १९३ राष्ट्रें आहेत. ऐंशीं वर्षांपूर्वीं, युद्ध चालू असतां, त्यांतल्या पन्नासांनीं एकमेकांचीं विमानें आपल्या आकाशांतून जाऊं देण्याचा विचार केला. त्यापुढें एकमेकांच्या पत्रांना वेळेवर उत्तर देणें हें कांहीं मोठें साहस नव्हे. तोंवर ज्यानें एकदां परीक्षा दिली त्यानें दुसऱ्यांदा कुरकुर न करतां बसावें, आणि ज्यानें ती घ्यावयाची त्यानें ती वेळेवर व स्वच्छपणें घ्यावी, एवढीच आमची दोघांनाही विनंति आहे.